वजन ११ किलो उतरलं, सोबत ताकदही गेली. घरच्या डब्यातूनच स्नायू कसे राखायचे?

चौथीसीट | १२ जून, रात्री १०:४०

वय ४३, उंची १७० सेंमी. राहायला मुलुंडला, ऑफिस फोर्टात. गेल्या साडेतीन महिन्यांत ८४ वरून ७३ किलोवर आलो. घरचे, ऑफिसातले सगळे खूश. गेल्या रविवारपर्यंत मीही होतो.

रविवारी लिफ्ट बंद होती आणि पाण्याचा २० लिटरचा जार तिसऱ्या मजल्यावर न्यायचा होता. हे काम मी वर्षानुवर्षं एका दमात करत आलोय. या वेळी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जार खाली ठेवावा लागला. हात थरथरत होते. उरलेला जिना शेजारच्या मुलानं चढवून दिला. संध्याकाळी जोर मारून पाहिले. पूर्वी २२ निघायचे, ९ वर थांबलो. मग टेप काढली. कंबर १०१ सेंमीवरून ९६ झालीय, म्हणजे ११ किलोंच्या मानानं फारच कमी. दंड मात्र ३४ वरून ३१.

खाणं असं होतं: सकाळी एक प्लेट फळं, दुपारी डब्यात एक भाकरी, पालेभाजी, काकडी-गाजर. पाचला चहा, एखादं फळ. रात्री मुगाची खिचडी नाहीतर सूप. सीएसएमटी ते ऑफिस आणि परत, शिवाय रात्री फेरी, असं रोज १०,००० पावलं चालणं. वजन उचलायचा व्यायाम शून्य. काल पहिल्यांदाच प्रथिनांचा हिशेब केला, तर दिवसाला जेमतेम ३८ ग्रॅम निघाले.

अजून पाच-सहा किलो कमी करायचेत, पण आता चरबीच जायला हवी. घरात आम्ही चौघं. अंडी, मासे चालतात, सोमवार-गुरुवार-शनिवार शाकाहार. बायकोची नोकरी ठाण्याला. माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक तिच्यावर टाकायचा नाही, एवढी अट. अनुभवी लोकांनी लिहावं.

---

खाडीपार | १२ जून, रात्री ११:०५

माझंही अगदी हेच झालंय. वाचतोय.

---

आहारवही | १३ जून, सकाळी ७:१५

चौथीसीट, मी आहारतज्ज्ञ आहे. पहिली गोष्ट, जार खाली ठेवावा लागला तो वयामुळे नाही. साडेतीन महिन्यांत कुणी म्हातारं होत नाही.

चरबीचं शरीरात मोठं कोठार असतं. साखरेचंही छोटं कोठार असतं, यकृतात आणि स्नायूंत. प्रथिनांसाठी असं वेगळं कोठार नाही. पोटात पुरेशी प्रथिनं गेली नाहीत तर शरीर ती स्नायूंतूनच काढतं. त्यात तुम्ही स्नायूंना काहीच उचलायला दिलं नाही. न वापरलेला, महागात पोसावा लागणारा अवयव टंचाईच्या काळात शरीर का सांभाळेल? चालणं हृदयाला चांगलंच आहे, ते सोडू नका. पण चालण्यानं दंड-छाती राहत नाही.

आता आकडे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं निरोगी प्रौढासाठीचं प्रमाण आहे वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम. ७३ किलोला ते ६० ग्रॅम होतं आणि तुम्ही त्याच्याही बरेच खाली आहात. शिवाय हे प्रमाण वजन स्थिर असणाऱ्यांचं. कॅलरींची तूट चालू असताना स्नायू राखायचे तर किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास धरावं. वजन जास्त असेल तर ते आजच्या वजनावर न धरता जिथं पोचायचंय त्या वजनावर धरावं. तुमच्यासाठी ६८ किलो धरले तर साधारण ११० ग्रॅम.

वेगाबद्दल: तुमचं आठवड्याला साधारण पाऊण किलो उतरलं. आता आठवड्याला वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास ठेवा, म्हणजे ३५०-४०० ग्रॅम. नॉर्वेत खेळाडूंवर झालेला २०११ चा एक अभ्यास आहे. एका गटानं आठवड्याला ०.७ टक्के वजन कमी केलं, दुसऱ्यानं त्याच्या दुपटीनं. वजनाचे व्यायाम दोघांनीही केले. सावकाश उतरणाऱ्यांचं चरबीविरहित वजन (म्हणजे मुख्यतः स्नायू) उलट वाढलं, घाई करणाऱ्यांचं वाढलं नाही.

हे आपल्या लोकांना जास्त कळकळीनं सांगावंसं वाटतं, कारण आपली अंगकाठी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, हा आपला मूळ साचा. त्यातले स्नायूही डाएटनं घालवले तर मधुमेहाच्या दृष्टीनं मिळवलं काय? म्हणून वजनकाट्यापेक्षा टेप बघा. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंमीच्या आत हवी, बाईची ८०.

---

गणितपक्का | १३ जून, सकाळी ९:५०

मी नुसत्या कॅलरी मोजून १४ किलो कमी केलेत. जेवढं खर्च करता त्यापेक्षा कमी खा, विषय संपला. प्रथिनांचं एवढं अवडंबर कशाला? १ ग्रॅम प्रथिनात ४ कॅलरी आणि १ ग्रॅम साखरेतही ४.

---

आहारवही | १३ जून, दुपारी १:३०

गणितपक्का, वजन किती उतरणार हे कॅलरी ठरवतात, याबाबत आपलं एकमत आहे. ते कुठून उतरणार, हे प्रथिनं आणि वजनाचा व्यायाम ठरवतात. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात ४० तरुणांवर प्रयोग झाला, २०१६ साली प्रसिद्ध झाला. चार आठवडे, गरजेपेक्षा ४० टक्के कमी कॅलरी, दोन्ही गटांना सारख्याच. व्यायामही सारखाच, आणि चांगलाच कडक. एका गटाला किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिनं, दुसऱ्याला २.४. जास्त प्रथिनवाल्यांची ४.८ किलो चरबी गेली, दुसऱ्यांची ३.५. जास्त प्रथिनवाल्यांचं चरबीविरहित वजन १.२ किलोनं वाढलं, कमी प्रथिनवाल्यांचं जवळपास होतं तिथंच राहिलं. ती पंचविशीच्या आतबाहेरची मुलं होती, म्हणून चाळिशीत तंतोतंत तेच आकडे येतील असं मी म्हणणार नाही. पण कॅलरी सारख्या असूनही निकाल वेगळा आला, ते बघा.

तुमच्या १४ किलोंबद्दल मनापासून अभिनंदन. कंबर आणि जोर, दोन्ही एकदा मोजून बघा.

---

पहाटेचा_डबा | १३ जून, रात्री ९:२०

चौथीसीट, शेवटची अट वाचली आणि बरं वाटलं. मी रोज पहाटे पाचला उठून चार डबे भरते. आमच्याकडे दीड वर्षापूर्वी हेच झालं. यजमानांना डॉक्टरांनी कंबर कमी करायला सांगितली आणि दोन आठवडे मी दोन-दोन स्वयंपाक केले. नंतर बंद केलं, कारण त्यात माझीच झोप गेली. मग एकाच स्वयंपाकात काय बदललं ते सांगते.

पहिली गोष्ट तेलाची. आमच्याकडे महिन्याला पाच लिटरचा कॅन संपायचा. माणसं चार. एके दिवशी मुलीनं हिशेब मांडला: पाच लिटर म्हणजे साधारण ४.६ किलो तेल, ग्रॅमला ९ कॅलरी. माणशी रोजच्या ३४५ कॅलरी नुसत्या तेलाच्या! मला खरंच धक्का बसला. आता तीन लिटरमध्ये भागवते. कॅनमधलं तेल फोडणीत थेट ओतत नाही, चमच्यानं घालते. बदल एवढाच. माणशी १४० कॅलरी कमी झाल्या आणि ताटातला एकही पदार्थ गेला नाही. कुणाला चवीतही कळलं नाही.

दुसरं, वरण. आमचं वरण पातळ. वाटीभर वरणात डाळ असायची जेमतेम १५ ग्रॅम, म्हणजे प्रथिनं तीन-साडेतीन ग्रॅम. आता माणशी ३० ग्रॅम कोरडी डाळ मोजून लावते, वरण घट्ट होतं, साडेसहा ग्रॅम मिळतात. गॅस तोच, शिट्ट्याही तेवढ्याच.

तिसरं, नाश्ता. सगळ्यात मोठं भगदाड इथंच होतं. पोह्यांच्या बशीत प्रथिनं चार-पाच ग्रॅम, उपम्यात तेवढीच. आणि तुमच्या फळांच्या प्लेटमध्ये त्याहूनही कमी. आता आठवड्यात तीन दिवस मुगाच्या डाळीची घावनं. माणशी ६० ग्रॅम डाळ रात्री भिजत घालायची, सकाळी आलं-मिरची घालून मिक्सरमधून काढायची. १४ ग्रॅम तिथंच झाले, सोबत वाटीभर दही. दोन दिवस अंडी. पोहे शनिवार-रविवारी करते, त्यात वाफवलेले मटार आणि वरून मोड आलेले मूग. पोहे सोडायला मी कुणाला सांगणार नाही.

रविवारी मटकी, मूग, चवळी, काळे वाटाणे भिजवून मोड आणून डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवते. माणशी ५० ग्रॅम कोरडं कडधान्य धरायचं, ११-१२ ग्रॅम प्रथिनं. मोड आल्यावर वजन दुप्पट दिसतं, पण ते पाणी असतं, त्यावर हिशेब करू नका. यजमानांच्या डब्यात आता दोन पोळ्या आणि मोठा डबा उसळीचा, मुलांच्या डब्यात तीन पोळ्या आणि छोटा डबा. स्वयंपाक एकच, वाढणं वेगळं.

---

चौथीसीट | १३ जून, रात्री १०:१०

ताई, हा प्रतिसाद मी बायकोला वाचून दाखवला. तेलाचा कॅन आमच्याकडेही पाच लिटरचाच आहे. वाचनखूण साठवली.

एक शंका. मी संध्याकाळी मूठ-दोन मुठी शेंगदाणे खायला सुरुवात केलीय, प्रथिनांसाठी. ठीक आहे ना?

---

आहारवही | १४ जून, सकाळी ७:०५

शेंगदाणे उत्तम अन्न आहे, पण तुमच्या कामाचं नाही. १०० ग्रॅम दाण्यांत प्रथिनं २५ ग्रॅम आणि स्निग्ध पदार्थ जवळपास ५० ग्रॅम, कॅलरी ५६० च्या पुढे. तेवढीच २५ ग्रॅम प्रथिनं ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत मिळतात, सुमारे १७० कॅलरींत. सात अंड्यांच्या पांढऱ्यात तर १२० च्या आसपास. पनीरचंही तसंच, प्रथिनं १८ ग्रॅम पण चरबी त्याहून जास्त. तूट ठेवायची असताना दर कॅलरीमागे प्रथिन किती, हे बघावं लागतं. संध्याकाळी ४० ग्रॅम फुटाणे घ्या, आठ-नऊ ग्रॅम प्रथिनं. दाण्याचं कूट कोशिंबिरीत चमचाभर राहू द्या.

शाकाहारी दिवसाचा अंदाज देते. घावनं आणि दही १९, डब्यातल्या दोन पोळ्या-उसळ-ताक २०, फुटाणे ९, रात्री ४० ग्रॅम सोयावडीचा रस्सा २०, भाकरी आणि घट्ट वरण ९, पेलाभर दूध ८. बेरीज ८५. उरलेली २५ भरायला एकतर चक्का, नाहीतर व्हे पावडरीचा (दुधातल्या प्रथिनांच्या पावडरीचा) एक चमचा. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रोटीन पावडरी टाळायला सांगितलंय, आणि सर्वसामान्यांसाठी ते योग्यच आहे. माझं मत असं की आधी ताट दुरुस्त करावं. तरीही शाकाहारी दिवशी प्रथिनं कमी पडली आणि मूत्रपिंडं निरोगी असतील, तर एका चमच्याला हरकत नाही.

---

तालमीतला | १४ जून, सकाळी ११:४०

मी ६९ वर्षांचा, लालबागला वाढलो. वडील गिरणीत होते. संध्याकाळी आम्ही पोरं व्यायामशाळेत जोर-बैठका काढायचो, मल्लखांबावर चढायचो. खाणं काय, तर रात्री भिजवलेले हरभरे, गूळ, परवडेल तेवढं दूध आणि बुधवारी-रविवारी सुकं-ओलं जे मिळेल ते. १९८२ च्या संपानंतर घरात दूध पाव लिटरवर आलं, पण हरभरे आईनं बंद केले नाहीत. त्या वेळी ग्रॅम कुणाला ठाऊक होते!

गेल्या वर्षी मी पथ्य म्हणून रात्रीचं जेवण सोडलं. सहा किलो उतरलो आणि भारतीय बैठकीच्या संडासातून उठताना भिंत धरावी लागायला लागली. घाबरलो. माझ्या वयाला काय करावं?

---

आहारवही | १४ जून, दुपारी २:१५

काका, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. साठीनंतर स्नायू प्रथिनांना कमी प्रतिसाद देतात. तरुणाला एका वेळी २० ग्रॅम पुरतात, तुम्हाला दर जेवणात २५-३० लागतील. दिवसभर चिमूट-चिमूट खाण्यापेक्षा तीन भरीव जेवणं करा. रात्रीचं जेवण परत सुरू करा, त्यात प्रथिन असू द्या. तूर्तास वजन कमी करण्याचा विचार बाजूला ठेवा. आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा-दहाचे तीन फेरे, एक दिवसाआड. तुमच्या अंगात तालमीची सवय आहे, स्नायू लवकर ओळखतील. सुरू करण्याआधी रक्तदाब आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठीची रक्ततपासणी) तपासून घ्या.

---

वरळी_कोळीवाडा | १४ जून, सायंकाळी ६:५०

माशांचं मी सांगते, घरचा धंदा आहे. प्रथिनांसाठी पापलेटच पाहिजे असं काही नाही. बांगड्यात तेवढीच प्रथिनं, १०० ग्रॅमला १९-२० च्या आसपास, आणि पैसे कितीतरी कमी. मांदेली, तारली पण चालतात. ओल्या बोंबलात पाणीच जास्त, म्हणून तो खाल्ल्यावर पोट हलकं लागतं. सुकवल्यावर तोच बोंबील प्रथिनांनी भरतो, शंभरात साठाच्या पुढे. फक्त मीठ असतं, रक्तदाबवाल्यांनी भिजवून, धुवून आणि थोडाच घ्यावा.

आणि रव्यात घोळवून तेलात सोडू नका. हळद, मीठ, आगळ, आलं-लसूण लावून तव्यावर चमचाभर तेलात झाकण ठेवून भाजा. कालवणात नारळ निम्मा करा, चिंच-कोकमानं भागतं.

सध्या जून-जुलैत मासेमारीला बंदी, होड्या किनाऱ्याला. या दिवसांत आमच्याच घरात जवळा, सुकट, सोडे असतात. सोड्यांची वांगी घालून भाजी करा, माणशी मूठभर सोडे पुरतात.

---

बदलापूर_लोकल | १५ जून, सकाळी ६:१०

एक प्रश्न. वडिलांना मधुमेह आहे, क्रिएटिनिनही थोडं वाढलेलं. हा धागा वाचून तेही पोळी कमी करून अंडी वाढवायचं म्हणतात. करू द्यावं का?

---

आहारवही | १५ जून, सकाळी ७:३०

आपणहून अजिबात नको. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं किती घ्यायची हे त्यांचे डॉक्टरच ठरवतील. तिथे वाढवणं सोडाच, बऱ्याचदा मर्यादित ठेवावी लागतात. शिवाय ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना अचानक पोळी-भात कमी केला तर साखर एकदम खाली जाऊ शकते. आधी गोळीचा डोस, मग ताट. वजनासाठीची आठवड्याची इंजेक्शनं घेणाऱ्यांनाही सांगते: भूक मरते म्हणून प्रथिनं आपोआप कमी जातात आणि उतरलेल्या वजनात स्नायूंचाही बराच वाटा असतो. तुमच्या डॉक्टरांशी यावर मुद्दाम बोला.

---

रात्रपाळी | १६ जून, रात्री १:२०

झोपेचं कुणीच लिहिलं नाही. मी अंधेरीला रात्रपाळी करतो. तीन महिने डाएट नीट, प्रथिनं नीट, तरी हाल तेच. शिकागोतला २०१० चा अभ्यास वाचनात आला. १० माणसं, दोन-दोन आठवडे, कॅलरी सारख्या. साडेआठ तास झोपायला दिलं तेव्हा १.४ किलो चरबी गेली आणि साडेपाच तास दिलं तेव्हा ०.६. दोन्ही वेळा वजन मात्र जवळपास सारखंच उतरलं. म्हणजे कमी झोपेत चरबीऐवजी बाकीचंच गेलं. अभ्यास छोटा आहे, पण माझं तसंच झालं होतं. खिडकीला जाड पडदा लावला, दुपारी बेल बंद ठेवली, सलग सात तास झोप जमवली, तेव्हा कुठे पट्ट्याचं भोक बदललं.

---

चौथीसीट | २३ ऑगस्ट, रात्री ९:४५

दहा आठवडे झाले, कळवायचं राहिलं होतं.

पहिल्या दोन आठवड्यांत वजन ९०० ग्रॅम वाढलं आणि मी पार हादरलो. बायको म्हणाली, टेप लाव. कंबर वाढली नव्हती. आहारवहीताईंना विचारलं तेव्हा कळलं की रिकामं झालेलं साखरेचं कोठार भरताना सोबत पाणीही साठतं, ते वजन चरबीचं नसतं. तिथेच सोडून दिलं असतं तर पुन्हा सुपावर गेलो असतो.

आज वजन ७१.२. कंबर ९६ वरून ९०.५. दंड ३२. जोर २१. आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास: जोर, बैठका, आणि मुलाच्या जुन्या दप्तरात दहा किलो पीठ घालून ते उचलणं. जिम लावली नाही. ६:५२ ची लोकल सोडून ७:१४ ची धरतो, तेवढी झोप वाढली. तेल साडेतीन लिटरवर आलंय. रोज ११० ग्रॅम होत नाहीत, शाकाहारी दिवशी ९० वर अडतो, पण ३८ वरून ९० हेच मला मोठं वाटतं. संकष्टीला साबुदाणा बंद केला, त्यात प्रथिन जवळपास नाहीच. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी आणि दही.

श्रावणात मासे बंद होते, सोयावडीनं तारलं. सोयावडी गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळली की तो वास जातो, हे बायकोनं शोधून काढलं.

आता गणपतीला अकरा दिवस गावी, कणकवलीजवळ. मोठं कुटुंब, चुलीवरचा स्वयंपाक, रोज कुणा ना कुणाकडे आरती आणि प्रसाद. तिथं काकूसमोर वजनकाटा काढणं मला जमणार नाही, काढायचाही नाही. काय सांभाळू?

---

पहाटेचा_डबा | २३ ऑगस्ट, रात्री १०:३०

मोदक खा, पोटभर खा, वर्षातून एकदाच येतात. काकूंकडे काळ्या वाटाण्याची उसळ असेलच, ती दुप्पट वाढून घ्या आणि भात एकदाच. वाल भिजवलेले दिसले तर सोलायला बसा आणि बिरडं दोन वाट्या मागून घ्या. काकू खूशच होतील.

---

तालमीतला | २४ ऑगस्ट, सकाळी ६:००

आणि विहिरीचं पाणी तुम्ही काढा. दोन्ही हातांनी, सकाळ-संध्याकाळ. मी आता भिंत न धरता उठतो.